संगणक मालकालाच ओळखत नाही तेव्हा!

चाकण-भोसरीच्या एखाद्या कारखान्यात संगणकाचे फर्मवेअर, म्हणजे तो सुरू होताना प्रथम चालणारी आज्ञावली, बदलली, की कधी कधी पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. नेहमीचा पासवर्ड चालत नाही. संगणक बिघडला काय? मुळीच नाही!

विंडोजच्या ‘बिटलॉकर’ कुलुपाची गुप्त किल्ली टीपीएम नावाची चिप सांभाळते. दर वेळी ती फर्मवेअरचा जणू अंगठ्याचा ठसा ताडून पाहते. ठसा बदलला, की चोराच्या संशयाने किल्ली देत नाही.

म्हणून फर्मवेअर बदलण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे आणि ते ४८ अंक कागदावर उतरवून वेगळ्या जागी ठेवावेत. अंक हरवले आणि माहितीची दुसरी प्रत नसली, तर यंत्रांचे आराखडे डोळ्यांसमोरच्या संगणकात कायमचे कुलूपबंद! तुमच्या शाळेतील संगणकाचे अंक कोणी लिहून ठेवले आहेत का? आजच विचारा.