बाकावरची बातमी कुठवर पोचते?

मुलांनो, वर्गात बातमी कशी फिरते हे तुम्हाला काय सांगायचं! मधल्या सुट्टीत डबा उघडेपर्यंत ती पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर पोचलेली असते. गुरुजींना आणि बाईंना ती सगळ्यात शेवटी कळते.

समजा, तुमच्या शाळेत अशीच एक बातमी फिरतेय. सातवीतल्या एका मुलीचं लग्न ठरलंय. दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला जाणार, म्हणून त्याआधी पुढच्या रविवारी लग्न उरकायचं आहे. ती दोन दिवस शाळेत आलेली नाही. मैत्रिणीला तिने सांगितलंय, "मला नाही करायचं गं." मैत्रीण बिचारी हे पोटात ठेवून बसली आहे.

आता ही बातमी आपण बाकावरून उचलू आणि ती कुठे कुठे जाते, कुठे अडते ते बघू.

पहिला टप्पा शाळेचाच. मुलीचं वय किती, हे शाळेइतकं पक्कं कुणालाच सांगता येत नाही. मुख्याध्यापकांच्या कपाटात जनरल रजिस्टर नावाचं जाडजूड पुस्तक असतं. त्यात तुमच्या प्रत्येकाची जन्मतारीख लिहिलेली असते. "आमची पोरगी एकोणीस वर्षांची आहे," असं कुणी कितीही ठासून म्हटलं, तरी त्या पानावरचा आकडा बदलत नाही. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणं कायद्याने गुन्हा आहे.

शाळेतून बातमी जाते ग्रामसेवकांकडे. गावात त्यांना 'भाऊसाहेब' म्हणतात, आणि आता त्यांच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी असं झालं आहे. घरपट्टी, नळपट्टी, दाखले ही त्यांची कामं तुम्हाला माहीत असतील. पण महाराष्ट्रातल्या खेड्यांत तेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही आहेत, हे पुष्कळांच्या गावी नसतं. त्यांच्या मदतीला अंगणवाडीच्या ताई असतात. माझ्या मते ही ताईच सगळ्यात मोलाची. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाच्या दारात मांडव पडतोय, हे तिला फिरता फिरता दिसतं.

अशा अधिकाऱ्याची गरज का पडली? १९२९ साली आपल्या देशात बालविवाहाविरुद्ध कायदा झाला. तो 'सारडा कायदा' म्हणून ओळखला जातो. त्यात मुलीचं वय १४ आणि मुलाचं १८ धरलं होतं. कायदा चांगला होता, पण गावोगाव नजर ठेवून लग्न थांबवायचं काम कुणाचं, हे त्यात ठरवून दिलेलं नव्हतं. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, अशी गत! २००६ साली नवा कायदा झाला, तेव्हा कुठे हे काम नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे आलं.

बातमी जायला आणखी एक वाट आहे, ती फोनची. १०९८, म्हणजे दहा-नऊ-आठ. पैसे पडत नाहीत. ही सेवा १९९६ साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक प्रकल्प म्हणून सुरू झाली. तेव्हा रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी ती फार उपयोगी पडली. २०२३ पासून ती सरकारच्या महिला व बालविकास विभागाकडे आली आणि पोलिसांच्या ११२ या क्रमांकाशी जोडली गेली.

मग भाऊसाहेब, पोलीस आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं त्या मुलीच्या दारात येतात. मुलीला घरात धोका आहे असं दिसलं, तर तिला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. जिल्ह्याच्या या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. तिला न्यायदंडाधिकाऱ्यासारखे अधिकार आहेत. मुलगी घरी राहील, आजीकडे राहील की बालगृहात, हे समिती ठरवते. आणि हो, ठरवण्याआधी मुलीचं म्हणणं ऐकून घेते.

इतकी खाती, इतकी माणसं! मग पाहणीत आकडे असे का यावेत? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांमागे जवळजवळ २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. त्याआधीच्या पाहणीत हाच आकडा २६ होता. कमी झाला खरा, पण पाच जणींत एक म्हणजे काही थोडं नव्हे.

मला वाटतं, घोटाळा खात्यांच्या आत कमी आणि दोन खात्यांच्या मधे जास्त होतो. बघा हं. लग्नाच्या आदल्या दिवशी सगळे पोचतात. हळद लागलेली असते. आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतात, की मुलगी सज्ञान होईपर्यंत लग्न करणार नाही. पंचनामा होतो, जीप निघून जाते. भाऊसाहेबांच्या कागदावर 'विवाह रोखला', पोलिसांच्या कागदावर 'विवाह रोखला', कक्षाच्या कागदावरही तेच. तीन कागद, एक मुलगी. आठ दिवसांनी पाहुण्यांच्या गावी, दुसऱ्या जिल्ह्यातल्या देवळात पाच माणसांत अक्षता पडतात. त्या जिल्ह्याला हमीपत्राचा पत्ताच नसतो.

म्हणून जिल्ह्यात या सगळ्या खात्यांची आढावा बैठक होते, तेव्हा "किती लग्नं रोखली?" एवढंच विचारून भागत नाही. "रोखलेल्या लग्नांतल्या किती मुली आज वर्गात आहेत?" असं विचारायला हवं. याचं उत्तर द्यायला नवं खातं लागत नाही. ते आमच्या हजेरीपटावर रोज लिहिलेलं असतं. सलग चार दिवस गैरहजेरी लागली, की शाळेने कक्षाला कळवायचं, कक्षाने पलीकडच्या जिल्ह्याला. इतकी साधी गोष्ट; पण हे कुणी कुणाला कळवायचं ते आधी ठरलेलं पाहिजे. हमीपत्रापेक्षा पक्का उपायही कायद्यात आहे. न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाई हुकूम देऊ शकतात. तो मोडून लावलेलं लग्न कायद्यापुढे लग्नच ठरत नाही.

पालकहो, तुम्हीही हे वाचत असाल, म्हणून दोन शब्द. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्यावर. वयात येणारी मुलगी एकटी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईची काळजी खोटी नाही. ती समजून न घेता नुसता दंडुका दाखवला, तर लग्न रात्री लागेल, एवढंच. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवण्याची सरकारची योजना आहे. पण ते हंगामाच्या आधी सुरू झालं तर उपयोग! गाड्या निघून गेल्यावर दार उघडून काय करायचं?

आणखी एक. लग्न थांबवलं, की मुलीचा फोटो मोबाइलवर फिरवायची घाई होते. अशा मुलीची ओळख उघड करणं २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मना आहे. तिला उद्या त्याच गावात राहायचं आहे, त्याच वाटेने शाळेत यायचं आहे.

मुलांनो, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली गावात बाल संरक्षण समिती असते. तिच्यात मुलांचेही दोन प्रतिनिधी असायला हवेत. तुमच्या गावात ते दोघे कोण, हे उद्या शाळेत विचारा. नावं सांगता आली नाहीत, तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.

आणि ती पोटात ठेवलेली बातमी? ती बाईंना सांगा, नाहीतर १०९८ वर सांगा. तुमचं नाव गुप्त ठेवा असं म्हणू शकता. गाव आणि तालुका, मुलीची शाळा आणि इयत्ता, लग्नाची तारीख आणि ठिकाण, आणि आत्ता ती कुठे आहे, एवढं सांगितलंत की पुरे. एखादी गोष्ट माहीत नसेल तर तसं सांगा, पण त्यासाठी फोन उद्यावर ढकलू नका. रविवारला किती दिवस उरलेत, ते मोजा.