बाळाला किती हात लागतात?



मूल वाढवण्याचा विषय निघाला की गटाच्या बैठकीत दोन तऱ्हेचं बोलणं ऐकू येतं. एखादी आजी म्हणते, "आमची पोरं आपोआप वाढली. आम्ही कुठं त्यांच्यामागं बसलो होतो?" आणि एखादी नवी सून म्हणते, "आता तसं नाही चालत. मुलाकडं लक्ष द्यावं लागतं. पण लक्ष द्यायला घरात माझ्याशिवाय आहे कोण?" दोघींचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पण आजीच्या बोलण्यातला एक शब्द आज आपण नीट तपासून बघू. तो शब्द म्हणजे 'आपोआप'.

पोरं आपोआप वाढत नव्हती. आजी रानात असायची तेव्हा बाळाजवळ कुणीतरी असायचंच. सासू असायची, जाऊ असायची, शेजारची काकू असायची, थकलेले आजोबा ओसरीवर बसून झोळीला झोका द्यायचे. त्या हातांचा हिशोब कुणी वहीत लिहिला नाही, म्हणून ते होते हेच आपण विसरलो. आज आम्ही त्याच हातांबद्दल बोलणार आहोत. ते कुठं होते, कुठं गेले आणि परत कसे आणता येतील.

रानातली बाळं

जुन्या काळी माणसं मुलं कशी वाढवत असतील, हे समजून घ्यायला काही अभ्यासक शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांमध्ये जाऊन राहिले. त्यांनी जे पाहिलं ते ऐकण्यासारखं आहे.

आफ्रिकेच्या दक्षिणेला कालाहारी नावाचा कोरडा मुलूख आहे. तिथल्या सान लोकांची बाळं दिवसाचा बराच वेळ आईच्या अंगावर, कातड्याच्या झोळीत असत. बाळ कुरकुरलं की लगेच पाजायचं, तासातून दोन-चार वेळासुद्धा. अंगावरचं दूध तीन-चार वर्षं चाले आणि दोन मुलांमध्ये साधारण चार वर्षांचं अंतर पडे.

कांगोच्या इतुरी जंगलात एफे नावाचे लोक राहतात. तिथं बाळ जन्मलं की ते एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर जातं. दुसऱ्या बायकाही त्याला पाजतात. बाळ चार महिन्यांचं झालं की त्याला घेण्याचा निम्म्याहून जास्त वेळ आईकडे नसतो, इतरांकडे असतो, असं तिथं मोजून पाहिलेलं आहे.

आणि मध्य आफ्रिकेतल्याच अका लोकांची गोष्ट तर आपल्या घरच्या पुरुषांना मुद्दाम सांगावी अशी आहे. तिथं नवरा-बायको मिळून जाळं लावून शिकार करतात, त्यामुळं बाप दिवसभर बाळाच्या आसपास असतो. दिवसातला जवळजवळ निम्मा वेळ बाळ बापाच्या कडेवर किंवा त्याच्या हाताच्या अंतरावर असतं. बाळ रडलं तर बाप त्याला उगी करतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

सारा ब्लाफर हर्डी या अमेरिकन अभ्यासक बाईंनी २००९ साली या सगळ्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर असं. माणसाचं पिल्लू फार उशिरा स्वतःच्या पायावर उभं राहतं. वासरू जन्मल्यावर थोड्या वेळात उभं राहतं, आपल्या बाळाला चालायला वर्ष लागतं आणि पोटापुरतं कमवायला कितीतरी वर्षं. एवढं ओझं एकट्या आईला कधीच पेललं नसतं. माणूस टिकला तो अनेकांनी मिळून मुलं सांभाळली म्हणून.

पण मैत्रिणींनो, जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणणार नाही. या रानातल्या समाजांमध्ये जवळजवळ निम्मी मुलं मोठी होण्याआधीच दगावत. आपल्याकडंही पणजीच्या काळात बाळंतपणात बाई जाणं आणि गोवरानं, देवीनं मूल जाणं नवं नव्हतं. चिकाचं पहिलं दूध पिळून टाकायची रीतही जुनीच, आणि ती चुकीची. त्या चिकातच बाळाला रोगापासून राखणारी ताकद असते. लस, दवाखाना, शुद्ध पाणी, शाळा हे नव्या काळानं दिलेलं आहे आणि ते आपल्याला हवंच आहे. प्रश्न एवढाच, की हे घेताना हातातून काय सुटलं?

भोंगा वाजला आणि हात सुटले

इंग्लंडमध्ये कापडाच्या गिरण्या आल्या त्याआधी सूत घरात कातलं जाई. चरख्याशेजारी पाळणा असे. गिरण्या आल्या आणि काम घराबाहेर गेलं. आई भोंग्यावर कामाला जाऊ लागली, बाप गेला, थोरली मुलंही गेली. आठ-आठ वर्षांची पोरं गिरणीत राबत. १८३३ साली कायदा झाला, तेव्हा कुठं कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी आली.

मग घरी उरलेल्या तान्ह्या बाळाचं काय? तिथं गॉडफ्रीज कॉर्डियल नावाचं एक औषध दुकानात मिळायचं. त्यात अफू असायची. ते पाजलं की बाळ दिवसभर झोपून राहायचं. कितीतरी बाळं त्या झोपेतून उठलीच नाहीत.

हे सातासमुद्रापलीकडचं वाटेल. पण आपल्या मुंबईतही हेच घडलं. कोकणातून, घाटावरून माणसं गिरणीत कामाला गेली. सासू गावाला राहिली, जाऊ गावाला राहिली, आणि बाई चाळीतल्या एका खोलीत तान्ह्या बाळासकट एकटी पडली. कामावर जाताना ती बाळाला अफूची गोळी द्यायची. तिला 'बाळागोळी' म्हणत. त्या बाईला आपण निर्दय म्हणायचं का? तिच्याजवळ हात नव्हते, म्हणून तिनं हातांच्या जागी गोळी ठेवली.

भोंग्याबरोबर घड्याळही घरात शिरलं. शंभर वर्षांपूर्वी न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग सांगू लागले, की बाळाला दर चार तासांनी घड्याळ बघून पाजा, मध्ये रडलं तरी उचलू नका. अमेरिकेत जॉन वॉटसन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२८ साली पुस्तक लिहून आयांना बजावलं, की मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका, त्यानं ती बिघडतात. गिरणीत जसा माल वेळेवर तयार होतो, तसं मूलही वेळापत्रकानं तयार होईल, असा त्यांचा विचार. लाखो आयांनी हे ऐकलं आणि रडणाऱ्या बाळाला उचलून घ्यायची इच्छा मनातच दाबली. आजचे डॉक्टर उलट सांगतात. बाळ मागेल तेव्हा पाजा, रडलं तर जवळ घ्या. जवळ घेतल्यानं बाळ बिघडत नाही, त्याला भरवसा येतो.

हात परत आणायला कायदे करावे लागले

कारखानदारी आलेल्या देशांना हळूहळू कळलं, की हात गेले तर ते कुठून तरी भरून काढावे लागतात. आपल्याकडं १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणात विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानं त्याचा भार उचलला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. १९६१ साली देशभरासाठी कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार बाईची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर हवं, असंही ठरलं.

स्वीडन देशानं तर १९७४ सालीच ही रजा आई आणि बाप दोघांसाठी केली. आज तिथं आईबापांना मिळून एका मुलामागं ४८० दिवस मिळतात. त्यातले ९० दिवस एकट्या बापासाठी राखलेले असतात. त्यानं घेतले नाहीत तर ते आईला देता येत नाहीत. अका लोकांचा बाप जे रीत म्हणून करतो, ते स्वीडनच्या बापाकडून कायद्यानं करून घ्यावं लागलं.

आणि आपण?

आपण धड इकडे नाही, धड तिकडे नाही. एकत्र घरं फुटली, थोरला शहरात गेला, सासूबाई दुसऱ्या मुलाकडं राहिल्या. जुने हात गेले. आणि २६ आठवड्यांची रजा नोकरदार बाईसाठी. खुरपणीला जाणाऱ्या बाईला कुणाची रजा?

मग आपल्या घरात हातांच्या जागी काय आलं? दोन गोष्टी आल्या. एक मोबाइल. बाळ रडलं की समोर गाणं लावून द्यायचं, ते गप्प बसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय, की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एका तासाहून जास्त नको. कारण बाळ बोलायला शिकतं ते आपण त्याच्याशी बोललो, त्याच्या हुंकाराला उत्तर दिलं तर. मोबाइल बोलतो, पण बाळाचं ऐकत नाही.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी. आपण म्हणतो ना, "पोरगी आता हाताशी आली." नऊ-दहा वर्षांची ती पोर. आई रानात गेली की धाकट्याला तीच सांभाळते. ऊसतोडीला कोयता निघाला की तीही बरोबर निघते. आईबाप फडात, आणि ही कोपीवर बाळाला कडेवर घेऊन. दिवाळीच्या सुमारास गेलेली पोर पट्टा पडल्यावर परत येते, तोवर शाळेचं वर्ष सरलेलं असतं.

कुणी म्हणेल, बहिणीनं भावाला सांभाळणं ही तर आपली जुनी रीत. खरं आहे. पण पूर्वी ती पोर ओसरीवर खेळता खेळता सांभाळायची, आणि चार मोठी माणसं हाकेच्या अंतरावर असायची. आज ती दिवसभर एकटी असते. बाळाला ताप आला, साप निघाला, चुलीजवळ गेलं, तर ती दहा वर्षांची पोर काय करणार? अनेक हातांचं काम आपण एका लहान हातावर टाकलं, आणि त्या हातातली पाटी काढून घेतली.

कोसबाडचा धडा

यावर उत्तर आपल्याच मातीत शोधलं गेलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या, आजच्या पालघरमधल्या बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. पुढं कोसबाडच्या टेकडीवर त्यांना दिसलं, की वारली मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर भावंडं असतात. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी चालवली आणि तिला 'विकासवाडी' म्हटलं. बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली.

त्यांनी मुलीला दोष दिला नाही, आईलाही दिला नाही. बाळासाठी हात उभे केले, आणि मुलगी आपसूक मोकळी झाली.

गट काय करू शकतो?

२००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात एक कलम घातलं गेलं. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं येत असतील, तर एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. त्यातला विचार महत्त्वाचा आहे. मूल सांभाळणं हे काम आहे, आणि कामाला दाम आहे. हाच विचार आपण गटात आणू शकतो. खुरपणीच्या, काढणीच्या दिवसांत पाच-सहा जणींची बाळं एकीनं सांभाळायची, आणि बाकीच्यांनी आपल्या मजुरीतून तिचा रोज भरायचा. जागा स्वच्छ, सावलीची, विहिरीपासून आणि चुलीपासून लांब हवी.

दुसरं, ग्रामसभेत विचारा. अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची 'पाळणा' नावाची केंद्राची योजना आहे. ती आपल्या गावाला मिळावी, असा ठराव मांडता येतो.

तिसरं, घरातल्या बाप्यांना कामाला लावा. आंघोळ घालणं, भरवणं, झोपवणं यातलं एक काम बापाचं म्हणून ठरवून टाका. त्याला जमत नाही असं म्हणू नका. आपल्यालाही पहिल्या बाळाच्या वेळी कुठं जमत होतं?

आणि चौथं. ऊसतोडीला निघायच्या आधी गटानं एक यादी करावी, की कोणत्या घरची शाळकरी मुलगी बरोबर निघाली आहे. ती कुणाकडं राहू शकेल, तिच्या धाकट्याला कोण बघेल, हे निघण्याआधी ठरलं तर वर्ष वाचतं. निघाल्यावर आठवण येऊन उपयोग नाही.

पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं आपल्या घरातल्या सर्वांत लहान मुलाला काल दिवसभरात कोणी कोणी घेतलं, हे बोटांवर मोजा. एका हाताची बोटं तरी भरतात का बघा. आणि त्या बोटांत दहा वर्षांच्या पोरीचं बोट किती वेळा आलं, तेही मोजा. जे निघेल ते आम्हाला कळवा, त्यावर आपण पुन्हा बोलू.