आफ्रिकी सिक्लिड माशांचा सहवास : नाम, अधिवास व निवड

मत्स्यविक्रेत्याच्या दुकानात एखाद्या टाकीवर ‘आफ्रिकन सिक्लिड’ एवढीच पाटी लावलेली असते आणि तीत पिवळे, निळे, पट्टेदार असे अनेक मासे एकत्र फिरत असतात. ग्राहक रंग पाहून त्यांतील काही निवडतो. मासे लहान असेपर्यंत सर्व सुरळीत चालते; परंतु ते वयात येताच एकेक मासा फाटलेल्या परांनी कोपऱ्यात दडलेला अथवा मृत आढळू लागतो. या हानीचे मूळ पुष्कळदा पाण्यात वा खाद्यात नसून त्या पाटीतच असते. परस्परभिन्न जीवनपद्धतींना एकाच नावाखाली आणणारी संज्ञा निवडीच्या कामी फारशी उपयोगी पडत नाही.

सिक्लिड हे माशांचे एक मोठे कुल होय. ते आपल्याकडे सर्वस्वी अपरिचित नाही. गोव्याच्या खाड्यांत मिळणारे काळुंदर याच कुलातील आहे. तथापि शोभेच्या माशांच्या व्यवहारात ज्यांना आफ्रिकी सिक्लिड म्हणतात, ते मुख्यतः पूर्व आफ्रिकेतील मलावी, टांगानिका व व्हिक्टोरिया या तीन सरोवरांतील होत. पैकी टांगानिका सुमारे १,४७० मीटर खोल, मलावी सुमारे ७०० मीटर खोल, तर व्हिक्टोरिया विस्ताराने प्रचंड असूनही जेमतेम ८० मीटर खोल आहे. प्रत्येक सरोवरातील बहुतेक सिक्लिड जाती अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. म्हणून निवडीचा पहिला नियम असा की, एका टाकीत एकाच सरोवराचे मासे ठेवावेत. पुढील विवेचन मलावी सरोवरापुरते मर्यादित आहे.

नामांचे तीन स्तर

मलावीतील माशांना तीन प्रकारची नावे आहेत. पहिली कोळ्यांची. खडकाळ किनाऱ्याला चिकटून राहणाऱ्या लहान माशांना किनाऱ्यावरील टोंगा भाषेत ‘म्बुना’ म्हणतात. उघड्या पाण्यात थव्याने फिरून सूक्ष्म प्लवक टिपणाऱ्या माशांना ‘उटाका’ म्हणतात. दुसरी नावे शास्त्रज्ञांची. ती वंशसंबंध दर्शवितात व संशोधनाबरोबर बदलतात. एकाच म्बुना-गटाला १९८४ मध्ये ‘मेलँडिया’ आणि १९९७ मध्ये ‘मेट्रिआक्लिमा’ अशी दोन प्रजातिनामे मिळाली आणि दोन्ही प्रचारात राहिली. तिसरी नावे व्यापाऱ्यांची; ती बहुधा रंगावर बेतलेली असतात.

कोणता मासा कोणाबरोबर नांदेल, या प्रश्नाला व्यापारी नाव उत्तर देत नाही. शास्त्रीय नाव ते अप्रत्यक्षपणे देते, कारण त्यावरून त्या जातीची माहिती शोधता येते. कोळ्यांचे नाव मात्र अर्धे उत्तर तत्काळ देते. कारण ते मासा कोठे राहतो व काय खातो यावरून पडलेले आहे. शास्त्रानेही ‘म्बुना’ व ‘उटाका’ हे शब्द जसेच्या तसे स्वीकारले, याचे कारण हेच असावे.

संघर्षाची कारणे

म्बुना मासे खडकावरील शेवाळाचा थर व त्यातील सूक्ष्म जीव खरवडून खातात. जेफ्री फ्रायर यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या खडकाळ किनाऱ्यावरील माशांच्या आहाराचे व परस्परसंबंधांचे सविस्तर वर्णन आहे. तेथे अनेक जाती दाटीने एकत्र राहतात. पुष्कळ जातींचा नर खडकातील एखादी कपार आपली मानून तिचे रक्षण करतो. पराभूत मासा काही हात दूर पळाला की सरोवरातील भांडण मिटते. काचेच्या टाकीत दूर पळण्यास जागाच नसते. म्हणून तोच स्वभाव तेथे प्राणघातक ठरतो.

नराचा रोष सर्वांवर सारखा नसतो. स्वजातीय नर आणि स्वतःसारखाच रंग वा पट्टे असलेला परजातीय मासा त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. यातून दुसरा नियम निघतो : निवडलेल्या जातींचे रंग व पट्टे एकमेकांपासून स्पष्टपणे भिन्न असावेत. मात्र पिल्लाच्या रंगावर विसंबणे धोक्याचे आहे. मेट्रिआक्लिमा लोंबार्डोईची पिल्ले व माद्या निळ्या असतात, परंतु वयात आलेला नर पिवळा होतो. उलट मेलानोक्रोमिस ऑरॅटसचे पिवळे पिल्लू नर असल्यास पुढे काळसर होते. या दोन्ही जाती अत्यंत भांडखोर असून मिश्र टाकीसाठी टाळणेच श्रेयस्कर.

तिसरा नियम आहाराचा. शेवाळभक्षी म्बुनांचे आतडे लांब असते. त्यांना मांसल खाद्य सतत दिल्यास पोट फुगण्याचा विकार होऊन ते दगावू शकतात. याउलट ‘पीकॉक’ या व्यापारी नावाचे औलोनोकारा प्रजातीचे मासे वाळूतील कीटकादी जीव शोधून खातात व स्वभावाने सौम्य असतात. दांडग्या म्बुनांसह ठेवल्यास त्यांचा रंगही नीट खुलत नाही. दोन गटांस स्वतंत्र टाक्या असणे उत्तम.

एक निवड

सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशा टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. काच व दगड धरता तिचे वजन टनाच्या आसपास जाते. तेव्हा जमिनीची व चौकटीची क्षमता प्रथम तपासावी. अशा टाकीसाठी तीन जातींचा संच सुचविता येईल : पिवळा लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, जांभळट निळा व पिवळ्या शेपटीचा ‘असेई’ आणि गंजाच्या रंगाचा आयोडोट्रोफियस स्प्रेंगेरी. तिन्ही म्बुनांच्या मानाने सौम्य आहेत, तिघांचे रंग भिन्न आहेत, आणि वनस्पतिप्रधान मिश्र खाद्य तिघांनाही मानवते. असेई बहुधा मधल्या व वरच्या पाण्यात वावरत असल्याने जागेवरचा ताणही हलका होतो.

प्रत्येक जातीचे आठ-दहा मासे घ्यावेत. त्यांत नर दोन-तीनच असावेत. मादी सुमारे तीन आठवडे अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते. माद्या थोड्या असल्या तर नरांच्या पाठलागाने त्या खचतात. सर्व मासे शक्यतो एकाच वेळी, लहान वयात सोडावेत, म्हणजे कोणासही आधीपासूनचा मालकीहक्क राहत नाही. दगडांची रास पाण्याच्या निम्म्या उंचीपर्यंत, भरपूर कपारी ठेवून व थेट तळावर टेकवून रचावी. अन्यथा माशांनी वाळू उकरल्यावर ती ढासळते. पाण्याचा सामू ७.७ ते ८.६ व तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस असावे. मुंबईसारख्या मृदू पाण्याच्या शहरात प्रवाळाचा वा शिंपल्यांचा चुरा उपयोगी पडतो. दर आठवड्याला सुमारे एकतृतीयांश पाणी बदलावे.

सहवासाची मर्यादा

केवळ भांडण टळले म्हणजे निवड साधली असे नव्हे. या सरोवरांतील जाती उत्क्रांतीच्या दृष्टीने अलीकडच्या असल्यामुळे निकटच्या जातींचा संकर सहज होतो व संकरज बहुधा प्रजननक्षम असतात. औलोनोकाराच्या निरनिराळ्या जातींच्या माद्या जवळजवळ सारख्याच करड्या दिसतात. त्या मिसळल्या की कोणती मादी कोणत्या जातीची, हे सांगणे दुरापास्त होते. अशी संतती जातीच्या नावाने विकली गेली तर नाम उरते, परंतु नामाचा विषय नाहीसा होतो. ही भीती काल्पनिक नाही. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० नंतर सोडलेल्या नाईल पर्च या भक्षक माशाची १९८० च्या दशकात बेसुमार वाढ झाली व असंख्य स्थानिक सिक्लिड जाती नष्टप्राय झाल्या. त्यांतील काही आज टाक्यांतूनच टिकून आहेत. अशा जातीच्या बाबतीत टाकीवरील पाटी हा तिच्या अस्तित्वाचा दाखला ठरतो.

नको झालेला मासा नदीत वा तलावात सोडणे हा अपराध तर त्याहून गंभीर होय. मोझांबिक तिलापिया हा आफ्रिकी सिक्लिड १९५२ मध्ये भारतात आणला गेला. आज तिलापिया महाराष्ट्रातील जलाशयांत सर्वत्र पसरलेला असून कोळी त्याला ‘चिलापी’ म्हणतात. ‘तिलापिया’ ही संज्ञा दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना भाषेच्या ‘मासा’ या अर्थाच्या शब्दावरून आल्याचे मानले जाते. शब्द एका भाषेतून दुसरीत गेला तर तो उच्चार बदलून नांदू लागतो व मूळ शब्दांना सहसा धक्का लावीत नाही. माशाचे तसे नाही. तो एकदा जलाशयात शिरला की तेथील मूळ रहिवाशांना अन्न व जागा यांसाठी त्याच्याशी झगडावे लागते, आणि त्याला परत बोलावता येत नाही.