खोली जमातीची, सही कोणाची?

परळच्या एका चाळीत आमच्या गावच्या जमातीची एक खोली आहे. दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय सोळाची, संडास व्हरांड्याच्या टोकाला. रत्नागिरीकडून नोकरीच्या शोधात येणारा पोरगा पूर्वी थेट इथेच उतरायचा. जहाजावर जाणारे खलाशी बोलावणे येईपर्यंत इथे वळकटी पसरायचे. आता राहायला फारसे कोणी येत नाही. टाटा किंवा केईएमला पेशंट घेऊन आलेली गावची माणसे मात्र अजून किल्ली मागतात.

गेल्या वर्षी चाळीच्या पुनर्विकासाचे ठरले. जुन्या उपकरप्राप्त इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूला नव्या इमारतीत किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते, म्हणजे जमातीची जागा जवळजवळ दुप्पट होणार. सगळे खूश. बिल्डरचा माणूस करारनामा घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘विश्वस्तांच्या सह्या आणि शेड्यूल वनची नक्कल द्या.’’ आम्ही वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयातून नक्कल काढली. तिच्यावर पाच नावे होती. पाचही मरहूम.

खजिनदार चाचांनी कागद दोनदा वाचला. पत्र्याच्या पेटीत पन्नास वर्षांच्या पावत्या आहेत, एका पैशाचा घोळ नाही. पण विश्वस्त गेला की त्याचे नाव काढून नव्याचे लावावे लागते, हे कोणी केलेच नव्हते. चाचा म्हणाले, ‘‘बेटा, गावाला तर ठाऊक आहे ना कारभार कोण बघतो ते?’’ गावाला ठाऊक आहे, सरकारी नोंदवहीला नाही. मी एका हिशेबनिसाच्या कार्यालयात काम करतो, तेव्हा हे निस्तरणे माझ्याकडे आले.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा. त्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त, पत्ता, मालमत्ता यांतला कुठलाही बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. यालाच सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो. मृत्यूचे दाखले, सभेची नोटीस, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे, हे सगळे लागते. आमच्या ट्रस्टच्या दस्तात ‘विश्वस्त जमातीच्या सभेने निवडावेत’ असे लिहिले आहे, म्हणून आम्ही सुटलो. तशी सोय नसेल तर कलम ४७ खाली धर्मादाय आयुक्तांकडे नेमणूक मागावी लागते, आणि त्याला वेळ जातो. आणखी एक गोष्ट. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची, बक्षीस द्यायची किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम ३६ प्रमाणे आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. पुनर्विकासाचा कागद म्हणूनच आधी वकिलाला दाखवावा, सही मागाहून.

हे चालू असतानाच सभेत एकाने मोबाइल वर धरला. ‘‘उमीद पोर्टलवर नोंद नाही म्हणजे खोली सरकारजमा!’’ झाले, अर्धा तास त्यातच गेला.

यातला फरक घराघरांत समजायला हवा. वक्फ (सुधारणा) अधिनियम ८ एप्रिल २०२५ ला लागू झाला. ६ जून रोजी केंद्राने उमीद पोर्टल सुरू केले आणि नोंदणी झालेल्या वक्फांची माहिती त्यावर भरायला सहा महिने दिले. १५ सप्टेंबरच्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रोखल्या. वक्फ करणाऱ्याने पाच वर्षे इस्लामचे पालन केलेले असावे ही अट त्यातलीच. नोंदणीची सक्ती मात्र रोखली नाही. १ डिसेंबरला सरसकट मुदतवाढही नाकारली आणि अडचण असणाऱ्यांनी वक्फ न्यायाधिकरणाकडे जावे, असे सांगितले. हे सर्व वक्फांसाठी. मुसलमानांनी स्थापन केलेला प्रत्येक ट्रस्ट वक्फ नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात स्पष्ट केले होते. आता नव्या कायद्याच्या कलम २ अ मध्येही ते आले आहे. आमची परळची खोली धर्मादाय नोंदवहीत आहे, तिचा पोर्टलशी संबंध नाही. गावची मशीद आणि कब्रस्तान मात्र वक्फ मंडळाकडे नोंदलेले आहे, त्यांची माहिती भरणे मुतवल्लींचे काम. ज्यांनी भरली नाही त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा करण्यापेक्षा न्यायाधिकरणाची वाट धरावी.

त्याच कायद्यातली एक तरतूद बायकांनी जरूर वाचावी. वक्फ-अलल-औलाद करताना स्त्रियांचा वारसाहक्क डावलता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. कायद्याच्या बाकीच्या कलमांवर वाद आहेत आणि ते न्यायालयात आहेत. ही गोष्ट मात्र आपल्याला कायद्याने सांगावी लागली, याची मला शरम वाटली.

आता आयकर. २०२१ मध्ये सगळ्या जुन्या ट्रस्टना नव्याने नोंदणी करावी लागली होती, पाच वर्षांसाठी. तिची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतच होती आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता. आम्ही शेवटच्या आठवड्यात केला. ज्यांचा राहिला त्यांनी योग्य कारण दाखवून उशीर माफ करून घ्यावा, गप्प बसू नये. अर्ज केलाच नाही तर २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे ट्रस्टच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरेल त्यावर कमाल दराने कर लागू शकतो. परळचा बाजारभाव! तेवढी रक्कम द्यायला जमातीला खोलीच विकावी लागेल. एक सवलत आहे: ज्या ट्रस्टचे उत्पन्न लागोपाठ दोन वर्षे पाच कोटींच्या आत आहे, त्यांना आता दहा वर्षांची नोंदणी मिळते. जमातीचे ट्रस्ट त्यात सहज बसतात.

रमजानमध्ये तरुण मुले विचारतात, ‘‘८०जी ची पावती मिळेल का?’’ त्यांना आधी विचारावे, कर कोणत्या पद्धतीने भरतोस? बारा लाखांपर्यंत कर नसलेल्या नव्या पद्धतीत ८०जी ची वजावट मिळतच नाही. जुन्या पद्धतीतही दोन हजारांहून अधिक रोख दिले तर मिळत नाही. आणि ज्या ट्रस्टचा दस्त एकाच धर्माच्या लोकांसाठी आहे, त्याला ८०जी सहसा मिळत नाही. १९६२ नंतर स्थापन झालेल्या अशा धर्मादाय ट्रस्टची स्वतःची करमाफीही अडचणीत येऊ शकते. आमचा दस्त १९५७ चा, म्हणून त्या कलमातून वाचला. जकातीचा निधी आणि सर्वांसाठीचा शिक्षण निधी यांची खाती तरी वेगळी ठेवावीत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या क्रमांकाची पावतीपुस्तके एकदम हजार छापून घेऊ नका.

दुकानदारांसाठी दोनच गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून खजूर, सुकामेवा, शिलाई मशीन, अडीच हजारांपर्यंतचे कपडे आणि चपला-बूट ५ टक्के जीएसटीत आले आहेत, बिलावर जुना दर राहिला असेल तर बदला. आणि २१ नोव्हेंबरपासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कामगाराला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. भाचा असला तरी.

कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे चाचांनीच मला लहानपणी शिकवले होते. या सभेत मी त्यांना त्याची आठवण दिली. ते हसले आणि पेटीतून जुने इतिवृत्ताचे पुस्तक काढले. १९७४ पासूनच्या प्रत्येक निवडीचा ठराव त्यात निघाला, सह्यांसकट. नव्या सात विश्वस्तांत दोन बायका आहेत. एक शाळेत शिकवते, दुसरी बँकेत आहे. हिशेब आता तिच्याकडे.

पाचांपैकी चार दाखले मिळाले. पाचवे विश्वस्त कुवेतमध्ये वारले, तिथेच दफन झाले. त्यांचा नातू मुंब्र्याला राहतो. दाखला अरबीत आहे आणि अम्मीच्या ट्रंकेत असेल, असे तो म्हणतो. या रविवारी चाचा आणि मी त्याच्याकडे जाणार आहोत.