घरचा बटाटा अंधारातच बरा

भाताची कापणी आटोपली की रानशेतसारख्या गावात परसातल्या ओलाव्यावर भाजीचे वाफे उभे राहतात. त्यांत एखाद्या घरी हौसेने बटाट्याच्या दोन सऱ्याही लावलेल्या असतात. फाल्गुनात त्या उकरताना आजीआजोबांना होणारा आनंद पैशांत मोजता येत नाही. पुढे मात्र याच आनंदातून एक चूक घडते. स्वतः पिकवलेले फेकवत नाही, म्हणून हिरवे पडलेले, मोड आलेले बटाटेही शिजवले जातात. वाचकहो, आज त्याविषयीच थोडे बोलू.

उजेड लागला की बटाट्याची साल हिरवी होते. हा हिरवा रंग स्वतः घातक नाही. परंतु ज्या उजेडाने तो येतो, त्याच उजेडाने सालीत व कोंबांत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्ये वाढतात. मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब ही त्यांची लक्षणे. लंडनमधील एका शाळेत १९६९ साली मागील सत्रात उरलेल्या पोत्यातील बटाटे खाऊन ७८ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १७ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने सारी बरी झाली. तरुण शरीर असा आघात सोसते. वृद्धांना मात्र उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका अधिक असतो.

आपल्या भागातील जाणत्या स्त्रिया कडू करांदे राखेसह उकडून त्यांचा कडूपणा घालवतात. ते ज्ञान मोलाचे आहे, पण बटाट्याला ते लागू पडत नाही. त्याचे विष उकडल्याने वा तळल्याने नाहीसे होत नाही. शिवाय वयानुसार जिभेची चव मंदावते, त्यामुळे कडूपणाची सूचनाही वेळेवर मिळेलच असे नाही.

म्हणून काळजी काढणीपासूनच घ्यावी. काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडावे. वेल पिवळे पडून सुकले आणि अंगठ्याने घासून साल सुटेनाशी झाली, की बटाटा काढण्याजोगा झाला असे समजावे. काढलेले बटाटे धुऊ नयेत; सावलीत वाळवून माती हाताने झटकावी. मग दहा-बारा दिवस ते अंधाऱ्या, हवेशीर जागी पसरून ठेवावेत. या काळात बारीक ओरखडे भरून येतात व साल घट्ट होते. कुदळीने चिरलेले बटाटे वेगळे काढून आधी वापरावेत.

पुणे जिल्ह्यातील खेड-आंबेगावचे शेतकरी बटाट्याची ‘अरण’ लावतात, म्हणजे झाडाच्या सावलीत ढीग रचून त्यावर पाल्यापाचोळ्याचे जाड आच्छादन घालतात. थंडावा, अंधार आणि खेळती हवा या तीन गोष्टी त्यातून साधतात. घरच्या चार-पाच किलोंसाठी बांबूची टोपली, तळाशी भाताचा पेंढा आणि वर गोणपाट एवढे पुरते. टोपली जमिनीपासून वीतभर उंच, चुलीपासून व खिडकीपासून दूर असावी. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून बटाटे सडतात. कांदे शेजारी ठेवू नयेत. कांद्याला कोरडी हवा मानवते, बटाट्याला किंचित ओलसर. फ्रिजच्या थंडाव्यात बटाट्यातील पिठूळपणाची साखर होते, त्यामुळे तो गोडसर लागतो आणि तळताना काळपट पडतो.

किनारपट्टीच्या दमट उष्म्यात बटाटा फार काळ टिकवण्याचा हट्ट धरू नये. फाल्गुनातला बटाटा मृगाच्या सरींपूर्वी संपवावा, उरलेला शेजारीपाजारी वाटावा.

सांभाळ करणाऱ्यांना एक विनंती. आठवडी बाजाराच्या दिवशी टोपली दिवसाच्या उजेडात एकदा उपसून पाहा. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात हिरवेपणा ओळखू येत नाही. सडलेला एक बटाटा काढला की बाकीचे वाचतात. लहानसा कोंब आणि त्याभोवतीचा भाग खोल कोरून, साल काढून घट्ट बटाटा वापरता येतो. पण सुरकुतलेला, फार कोंबाळलेला, बराच हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा टाकूनच द्यावा. जड टोपली वृद्धांनी उचलू नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास बटाटा किती खावा, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. बटाटा खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

आणि टाकून देताना आजीचा जीव हळहळला, तर रागावू नका. तिने उभ्या आयुष्यात अन्नाचा कण वाया जाऊ दिलेला नाही. तो सडका बटाटा तिच्याच हाताने परसातल्या खतखड्ड्यात टाकू द्या; मातीतले मातीला परत गेले, एवढे समाधान तिला पुरेल.