काळ्या ढगातल्या धुळीचा हिशेब

भुजंगधारी तारकासमूहात, ताऱ्यांच्या ऐन गर्दीत एक काळाकुट्ट डाग आहे. त्याचे नाव बर्नार्ड 68. एडवर्ड बर्नार्ड यांनी 1919 साली अशा डागांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा ही आकाशातली रिकामी जागा की आड आलेले काहीतरी, हा वाद पुरता मिटलेला नव्हता. ती जागा रिकामी नाही. सुमारे अर्धे प्रकाशवर्ष रुंदीचा वायू आणि धुळीचा ढग तिथे मागचे तारे झाकून बसला आहे.

ही धूळ म्हणजे सिलिकेट आणि कार्बनचे कण, साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. दृश्य प्रकाश त्यांच्यावर अडतो आणि विखुरतो. अवरक्त किरणांची तरंगलांबी कणांपेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे ते बरेचसे पार होतात. चिलीतल्या दुर्बिणींनी हा डाग अवरक्त किरणांत टिपला, तेव्हा ढगामागचे तारे दिसू लागले. कडेचे जेमतेम लालसर, मध्याकडचे गडद लाल. जितकी लाली जास्त, तितकी वाटेत धूळ जास्त. एकेका ताऱ्याची लाली मोजून 2001 साली संशोधकांनी ढगाच्या आतल्या घनतेचा आलेखच मांडला. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

वस्तुमानात धूळ वायूच्या जेमतेम एक टक्का. पण थंड हायड्रोजन रेणू जवळजवळ काहीच प्रारण सोडत नाहीत, म्हणून वायूचा अंदाजही धुळीवरून बांधता येतो. शिवाय हायड्रोजनचे अणू एकमेकांना भेटून रेणू बनतात, तेही मुख्यतः या कणांच्याच पृष्ठभागावर.

जवळच्या ताऱ्यांनी तापलेली धूळ स्वतः दूर-अवरक्त किरण सोडते. पण आपल्या हवेतली वाफ ते शोषून घेते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादहून महाकाय फुग्यांना बांधून, हवेचा बहुतेक थर खाली सोडून वर पाठवली आणि तारे जन्मतात तिथल्या तापलेल्या धुळीचे नकाशे काढले. परदेशी अवकाश-दुर्बिणींची रंगीत चित्रे आपल्या मुलांना पाठ असतात. विज्ञानाच्या शिक्षकांनी या फुग्यांचीही गोष्ट वर्गात जरूर सांगावी.