रंगमंचाची उजवी बाजू कोणाची?

नाट्यगृहात तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात आणि पडदा उघडतो. त्याच वेळी कडेच्या खुर्चीवरील प्रेक्षकाच्या लक्षात येते, की मंचाचा एक कोपरा आपल्याला दिसतच नाही. रांग तीच, तिकिटाचा दरही तोच. मग असे का? याचे उत्तर मंच आणि प्रेक्षक यांच्या मांडणीत आहे.

या मांडणीचे तीन मुख्य प्रकार बारामती-इंदापूरकरांना अपरिचित नाहीत. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे गोल रिंगण इंदापूर तालुक्यातील बेलवाडीत होते. रिंगण हा भक्तीचा सोहळा, नाटक नव्हे. पण मध्ये मोकळी जागा आणि चहूबाजूंनी पाहणारे, हीच रिंगणमंचाची रचना. येथे प्रेक्षक जवळ असतो. मात्र नटाची पाठ सतत कोणाकडे तरी असते आणि उंच नेपथ्य उभारता येत नाही.

दुसरा प्रकार तमाशाच्या पारंपरिक फडाचा. मागे ढोलकी, तुणतुणे आणि झीलकरी, तर तीन बाजूंनी प्रेक्षक. सोंगाड्याचा हजरजबाबीपणा या जवळिकीतच खुलतो.

तिसरा कमानी रंगमंच. पुण्यात १९६८ मध्ये सुरू झालेले बालगंधर्व रंगमंदिर या पद्धतीचे आहे. प्रेक्षक एकाच बाजूस बसतात आणि कमानीच्या चौकटीतून दृश्य पाहतात. मंचाची उजवी बाजू म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाची उजवी. आपल्याला ती डावीकडे दिसते. प्रेक्षकांजवळचा भाग डाउनस्टेज, मागचा अपस्टेज. युरोपात पूर्वी मंच मागे चढत जाई, त्यावरून ही नावे पडली. दोन्ही कडांना विंगा असतात, तर रंगभूषा रंगपटात होते.

सभागृहाच्या डाव्या टोकाला बसल्यास डावीकडचा मागचा कोपरा कमानीआड जातो, उजवीकडेही तसेच. म्हणून जाणता दिग्दर्शक महत्त्वाचा प्रसंग मंचाच्या मध्यभागी, पुढे घेतो. यात्रेच्या मोकळ्या मंचावर बसवलेले नाटक सभागृहात नेताना हौशी मंडळींना हालचाली नव्याने आखाव्या लागतात, त्या यामुळेच.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात ६४ हात लांब व ३२ हात रुंद नाट्यगृह योग्य मानले आहे. त्याहून मोठ्या जागेत आवाज आणि मुद्रेवरील भाव अस्पष्ट होतात, असे कारणही तेथे दिले आहे. तिकीट काढताना हे ध्यानात ठेवावे. अभिनय पाहायचा असेल, तर पहिल्या रांगेतील कडेच्या खुर्चीपेक्षा चार रांगा मागची मधली खुर्ची केव्हाही बरी. समूहनृत्याची रचना पाहायची असेल, तर बाल्कनीही उत्तम.